आपली चूक आधी सांगावी

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात रविवारी झालेल्या मेळाव्यातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



मी गेली अठरा वर्षे शारजात नोकरी करतो. दुसऱ्यांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय. कोणी एखादी नोंद लपवली की ती शोधून काढायची, यावर माझे घर चालते. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आज मी आपणांस माझी स्वतःचीच एक लपवलेली नोंद सांगणार आहे. विषय तसा लहान आहे. घरातले जुने यंत्र बिघडले असता जाणकारांची मदत कशी मागावी, एवढाच. परंतु त्या लहानशा विषयाने मला बरेच शिकवले.

ते यंत्र म्हणजे एक टू-इन-वन. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. येथील ज्येष्ठांना त्याचे वर्णन करावयास नको. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात टू-इन-वन, हे चित्र कोकणाने कितीदा पाहिले आहे. माझे वडील पोर्ट रशीदच्या परिसरात विजेची कामे करीत. ते बंदर 1972 साली सुरू झाले आणि त्यानंतर दुबईला हातांची फार गरज भासू लागली. वडिलांनी 1981 साली बर दुबईतल्या अल फहिदी रस्त्यावर, जेथे आजही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने ओळीने उभी आहेत, हे यंत्र घेतले आणि रेवदंड्याला आणून घरी ठेवले.

ते घरी ठेवण्यामागे हेतू होता. ट्रंक कॉल परवडत नसे आणि आईला पत्र लिहिण्याचा कंटाळा. म्हणून आई कॅसेटवर बोलत असे. गावचे कोणी दुबईला निघाले की त्याच्या सामानात ती कॅसेट जाई. वडील ती सहकाऱ्याच्या यंत्रावर ऐकत, आणि त्याच कॅसेटवर आपले उत्तर भरून परत पाठवीत. आखातातल्या हजारो घरांची ही रीत होती. या काटकसरीचा परिणाम असा की, प्रत्येक नवे बोलणे जुने बोलणे पुसून टाकी. आमच्याकडे आईची एकच कॅसेट उरली, तीही योगायोगाने. 1982 साली ती हाती पडली आणि तिच्यावर उत्तर भरण्याआधीच वडील स्वतः सुट्टीवर घरी आले.

आई गेल्यावर रेवदंड्याचे घर बंद झाले आणि वडील माझ्याकडे शारजाला राहावयास आले. सोबत टू-इन-वन आणि ती कॅसेट. यंत्र कित्येक वर्षे कपाटाच्या वर पडून होते. गेल्या वर्षी वडिलांचा डावा कान पूर्ण गेला आणि उजव्याचेही काही खरे नाही असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा माझ्या मनात आले की, ऐकू येते आहे तोवर एकदा त्यांना आईचा आवाज ऐकवावा. त्यांना न सांगता, अचानक.

जून महिना होता. वडील दुपारी झोपले असताना मी यंत्र खाली काढले आणि पुसावयास घेतले. पाठीमागे एका लहान खटक्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. मळ समजून मी ती खरवडून काढली. कपडा फिरवताना तो खटका सरकला असावा, मी पाहिले नाही. त्या काळी आखातासाठी बनवलेल्या यंत्रांना असा खटका असे, कारण या भागात सगळीकडे विजेचा दाब एकसारखा नव्हता. एका बाजूस 110, दुसऱ्या बाजूस 220. मी आईची कॅसेट आत घातली, वायर भिंतीत खोचली आणि ‘प्ले’चे बटण दाबले.

मोठी घरघर झाली. अर्ध्या मिनिटात जळका वास आला आणि यंत्र गप्प झाले. मी वायर उपटली. पाहतो तो खटका 110 वर. शारजातली वीज त्याच्या दुप्पट. घाईघाईने तो 220 वर सरकवला, जणू काही तसे केल्याने घडलेले पुसले जाणार होते. मग झाकण उघडून पाहिले, तर ते अर्धेच उघडले. कॅसेटमधली फीत आतल्या रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली होती. बारीक फीत, तिच्यावर आईचा आवाज, आणि ती यंत्राच्या पोटात अडकलेली.

आता मदत मागणे भाग होते. जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरांची दुरुस्ती छंद म्हणून करणारी माणसे जगभर आहेत आणि इंटरनेटवरून ती एकमेकांना विनामूल्य साहाय्य करतात, हे मी ऐकून होतो. या लोकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही परंपरा इंटरनेटच्या आधीची आहे. परवाना घेऊन स्वतःच्या हाताने बनवलेल्या यंत्रांवर दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी बोलणारे हौशी रेडिओवाले शंभर वर्षांपूर्वीही होते. भारतात त्यांची खूण ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते, अमिरातीत ‘ए-सिक्स’ने. पुढे 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. शेजाऱ्यांनी बिघडलेल्या वस्तू आणाव्यात आणि जाणत्यांनी त्या त्यांच्यासोबत बसून दुरुस्त कराव्यात, अशी ती कल्पना. बंगळूरमध्ये 2015 साली तिचा आरंभ झाला. या माणसांना आपली विद्या दडवून ठेवण्यात रस नसतो. वस्तू पुन्हा चालू झाली, एवढेच त्यांचे मानधन.

अशाच एका हौशी मंडळाला मी लिहिले. काय लिहिले ते ऐका: “वडिलांचा जुना टू-इन-वन आहे. वयोमानाने बंद पडला आहे. काय करावे?”

खटक्याविषयी एक अक्षर नाही. आत कॅसेट अडकली आहे, याविषयीही नाही. शिकल्यासवरल्या माणसाने दाब न पाहता वायर खोचली आणि तीही घरातली एकमेव कॅसेट आत घालून, हे कसे सांगावे? ज्यांचे तोंडही मी कधी पाहणार नव्हतो, त्यांच्यासमोर मला लाज वाटली.

उत्तरे त्याच दिवशी आली. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ, नेदरलँड्समधील एक बाई, आणि शारजातलेच एक मल्याळी हौशी रेडिओवाले. यंत्र वयोमानाने बंद पडले असे मी म्हटले होते, म्हणून त्यांनी वयोमानाचीच कारणे शोधली. चाळीस वर्षांत विद्युत्-घटकांपैकी कपॅसिटर सुकतात. खटक्यांच्या पितळी पट्ट्यांवर गंज चढतो. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट होतो. एकेक तपासा, असे ते म्हणाले. नेदरलँड्सच्या बाईंनी यंत्राचा मूळ नकाशा शोधून पाठवला. पुण्याच्या गृहस्थांनी माळ्यावरून त्याच जातीचे जुने यंत्र काढून त्याची आतून छायाचित्रे घेतली, मला ताडून पाहता यावे म्हणून. शारजाचे गृहस्थ कपॅसिटरांची पुडी घेऊन उन्हातून माझ्या कार्यालयाच्या दाराशी आले आणि चहाही न घेता गेले.

तीन आठवडे असे गेले. मी कपॅसिटर बदलले. यंत्र जसेच्या तसे.

मग पुण्याच्या गृहस्थांनी एक साधी परीक्षा सुचवली. भिंतीची वीज सोडा, मोठे सहा सेल घाला, ‘प्ले’ दाबा आणि आतली मोटर फिरते का तेवढे सांगा. यात काहीच चुकीचे नव्हते. आत कॅसेट नसती तर. मी आज्ञाधारकपणे सेल घातले आणि बटण दाबले. मोटर फिरली. आणि तिने आणखी फीत ओढून घेतली. ती चुरगळल्याचा बारीक आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

तरीही त्या रात्री मी एवढेच कळवले की मोटर फिरते, आवाज मात्र येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मल्टिमीटरने ट्रान्सफॉर्मर तपासावयास सांगितला, वायर भिंतीतून काढून ठेवून. भिंतीकडच्या बाजूचे वेटोळे तुटलेले निघाले. त्यावर त्यांचे उत्तर आले. अत्यंत सौम्य भाषेत. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. ट्रान्सफॉर्मर म्हातारपणाने असा सहसा मरत नाही. त्याच्या वेटोळ्याखाली एक फ्यूज असतो, तो फार तापल्यावरच तुटतो. आवाजाची चिपही गेलेली दिसते. दोन्ही एकदम गेले, याचा अर्थ यंत्रात कधीतरी दुप्पट दाब शिरला आहे. पाठीमागे खटका आहे का? तो कोणी हलवला होता का? राग मानू नका, पण मला ते कळल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर मी इतरांना म्हणत आलो की, कागद पूर्ण असल्याशिवाय सही करणार नाही. आणि येथे तीन भली माणसे माझ्या अपुऱ्या कागदावर तीन आठवडे राबत होती. पहाटे मी सर्व लिहून पाठवले. चिकटपट्टी, खटका, जळका वास, आणि आत अडकलेली कॅसेट. ती कोणाची आहे तेही.

बंधू-भगिनींनो, मला वाटले होते की आता बोलणी बसतील. ती बसली नाहीत. पण तासाभरात सगळा सल्ला बदलला. यंत्राचे राहू द्या, ते महिनाभर थांबेल. आता एकही बटण दाबू नका. सेल काढा. यंत्र थंड खोलीत ठेवा. आधी कॅसेट. तीन आठवडे ज्याच्या मागे आम्ही होतो ते दुय्यम ठरले, आणि जे मी लपवले होते तेच मुख्य निघाले. यंत्रात बिघाड शोधणारी ती माणसे हजार मैलांवर बसलेली. त्यांना माझ्या घरातला वास येत नव्हता, अडकलेले झाकण दिसत नव्हते. त्यांना डोळे, हात, नाक सर्व मीच होतो. मी खोटे सांगितले, म्हणजे त्यांचे डोळे मीच बांधले.

शारजाचे गृहस्थ संध्याकाळी घरी आले. यंत्र मागून उघडले. फीत ओढावयाची नाही, हा पहिला नियम. फीत ओढणाऱ्या बारीक दांडीला मागच्या बाजूस एक जड चाक असते. ते अंगठ्याने उलट दिशेस हळूहळू फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने सुटणारी फीत सांभाळायची. पाऊण तास लागला. आधी वरचे, म्हणजे नंतर पडलेले वेढे सुटले. ते पंख्यासारखे घड्या पडून आले. त्यांच्याखालचे, पहिल्या दिवशीचे वेढे जवळजवळ सरळ निघाले. पहिल्या चुकीने फारसे बिघडले नव्हते. बिघडवले ते दुसऱ्या वेळच्या बटणाने, आणि ते बटण माझ्या लपवण्याने दाबले गेले होते.

आणि वडील? त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. मी मान खाली घालून म्हणालो, “बाबा, माझ्या हातून एक चूक झाली आहे.”

ते म्हणाले, “ठाऊक आहे. वास मला त्याच दिवशी आला होता. वेटोळ्याचे व्हार्निश जळले की असा वास येतो. आणि खटक्यावर पट्टी मीच लावली होती, कोणी हलवू नये म्हणून. ती केरात दिसली.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.”

मी मदत मागावयास पुण्याला आणि नेदरलँड्सला गेलो होतो. विजेची कामे करण्यात ज्यांनी उमर घालवली, ते जाणकार शेजारच्या खोलीत होते. त्यांचे हात कापतात, नजर मंद झाली आहे. परंतु नाक शाबूत होते.

फीत नव्या, स्क्रू असलेल्या कवचात घातली. ती आमच्या यंत्रावर नव्हे, तर शारजाच्या गृहस्थांच्या उत्तम स्थितीतील यंत्रावर वाजवली. त्याआधी एक टाकाऊ कॅसेट वाजवून ते यंत्र फीत खात नाही याची त्यांनी खातरजमा केली. मी पहिल्याच दिवशी हे करावयास हवे होते. वाजतानाच ती संगणकावर उतरवली गेली.

आईचे पहिले वाक्य असे: “अहो, ऐकताय ना? हे चालू आहे की नाही ते मला काही कळत नाही, पण बोलते.” मग विहिरीचे पाणी, छपराची कौले, कोणाचे लग्न ठरले. मलिदा केला त्या दिवशी ताटाभोवती सगळे जमले आणि तुमचीच जागा तेवढी रिकामी होती. वडील उजवा कान पुढे करून ऐकत होते आणि मध्येच उत्तर देत होते, “हो, ऐकतोय.” चव्वेचाळीसाव्या मिनिटाला ती माझे नाव घेते. “धाकटा म्हणतो आहे, बाबांना सांग की…” आणि तेथे आवाज बुडतो. चुरगळलेली फीत सुमारे चाळीस सेंटिमीटर होती. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे आठ-साडेआठ सेकंद. त्यानंतर आई पुन्हा स्पष्ट बोलू लागते, दुसऱ्याच विषयावर. मी काय सांगावयास सांगितले होते, ते मला आठवत नाही. वडिलांनाही आता आठवत नाही.

एवढी माझी हकीगत. आता त्यातून आपल्या उपयोगाचे काही सांगून पुरे करतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी यंत्रे आणि अशा कॅसेटी असतील. मुंबईत असा, ठाण्यात असा, की इस्राएलमध्ये असा. मदत अवश्य मागा. मागताना पाच गोष्टी सांगा. पहिली, यंत्राचे पूर्ण नाव आणि पाठीमागे छापलेला क्रमांक. दुसरी, आधी काय होत होते आणि आता काय होत नाही, ते डोळ्यांनी पाहिले तसे. कारण आपण ठरवू नये. ‘वयोमानाने’ हा माझा शब्द लक्षण नव्हते, तो निकाल होता, आणि तोही खोटा. तिसरी, स्वच्छ उजेडातली छायाचित्रे. चौथी, आपण स्वतः काय काय करून पाहिले. आणि पाचवी, जी सांगावीशी वाटत नाही ती. खाली पडले, पाणी सांडले, उलटे सेल घातले, खटका हलवला. ती पाचवी गोष्ट सर्वांत आधी लिहावी.

काही इशारेही आहेत. भिंतीची वीज सोडवल्यावरसुद्धा मोठ्या कपॅसिटरांत भार शिल्लक राहतो. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह हौस म्हणून कधीही उघडू नये, त्यांतला दाब जीव घेऊ शकतो. तापून तुटलेला फ्यूज तारेने जोडून देऊ नये, तो आपल्या रक्षणासाठीच तुटलेला असतो. आमच्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर आम्ही बदलला. चिप पुण्याच्या गृहस्थांनी आपल्या माळ्यावरच्या यंत्रातून काढून दिली.

कोणी विचारील, एवढ्या जुन्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. मी राहतो तेथे व्हिसा संपला की माणसे जातात आणि भरलेली घरे कचरापेटीशी ठेवून जातात. हे कारण पुरेसे आहे. परंतु माझे कारण त्याहून लहान होते. वडिलांचा एक कान.

शेवटी हौशी रेडिओवाल्यांची एक रीत सांगतो, जी मला शारजाच्या गृहस्थांकडून कळली. दूरच्या माणसाशी बोलताना प्रथम ते त्याला सांगतात की तुमचा आवाज मला कसा येतो. स्पष्टपणासाठी एक ते पाच, जोरासाठी एक ते नऊ. पाच-नऊ म्हणजे उत्तम. पुष्कळजण केवळ सभ्यपणाने सर्वांनाच पाच-नऊ देतात. ते गृहस्थ म्हणाले, “मी देत नाही. आवाज तीन-चार येत असेल तर मी तीन-चार सांगतो. नाहीतर तो बिचारा आपली तार दुरुस्त कशी करणार?”

वडील आता रोज संध्याकाळी टू-इन-वन लावतात. खटक्यावर त्यांनी नवी चिकटपट्टी लावली आहे. मूळ कॅसेट मी बाजूला ठेवली असून ते तिची प्रत ऐकतात. पहिले वाक्य आले की त्यांचे उत्तर ठरलेले असते. त्यानंतरच्या त्या आठ सेकंदांत घरात कोणी बोलत नाही.